घडीची कार्बाइन घ्या, पण तिच्यासाठी वेगळी सॅक ठेवा

प्रश्न: मी टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. ग्रीन कार्ड मिळून आठ महिने झाले. ऑफिसातल्या मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो होतो. भाड्याचं ग्लॉक १९ पिस्तूल चालवलं, पण दहा यार्डांवरही गोळ्या कागदभर विखुरल्या. मग मित्राने त्याची केल-टेकची सब-२००० ही कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाचीच गोळी मारणारी छोटी रायफल, दिली आणि पहिल्याच मॅगझिनमध्ये सगळ्या गोळ्या मध्यभागी! शिवाय मधोमध दुमडून ती लॅपटॉपच्या सॅकमध्ये मावते. एक जण वापरलेली साडेतीनशे डॉलरला देतोय. पहिली बंदूक म्हणून ही घ्यावी का? पुढे ग्लॉक १९ घ्यायचा विचार आहे, मॅगझिन दोन्हीला चालतील ना? घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. मेहुणा एच-वन-बी व्हिसावर आहे, त्यालाही रेंजवर यायचंय. लहानपणी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल मारली, एवढाच अनुभव.

उत्तर: घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा मुद्दा सगळ्यात आधी निकालात काढायला हवा, कारण त्यात गुन्हा होऊ शकतो आणि बहुतेक देशी घरांत तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. नोकरीचे एच-वन-बी आणि एल-वन, शिक्षणाचा एफ-वन, एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा एच-फोर, तसंच मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांचा बी-टू, हे सगळे त्यात आले. 'बाळगणं' म्हणजे मालकीच असावी असं नाही. रेंजवर तुमची बंदूक त्यांच्या हातात दिली, तरी प्रश्न उभा राहतो. याला काही अपवाद आहेत आणि त्यातला सामान्य माणसाच्या हातात असलेला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. मेहुण्याला यायचंच असेल तर आधी त्याने ते काढावं, त्याची प्रत खिशात ठेवावी आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं. ग्रीन कार्डाचा अर्ज 'पेंडिंग' आहे म्हणजे झालंच, असं धरून चालू नका. कार्ड हातात येईपर्यंत नियम जुन्या व्हिसाचाच. आणि 'तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो' हा प्रकार तर चुकूनही नको. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेण्याला २०२२च्या कायद्यापासून पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे.

तुमचं स्वतःचं काम सोपं आहे. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. त्यात ग्रीन कार्डावरचा क्रमांक लिहावा लागतो. सोबत सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स लागतं. घर बदलून लायसन्सवरचा पत्ता जुनाच राहिला असेल तर तिथेच अडकाल, आधी तो बदलून घ्या. फॉर्ममध्ये गांजाचा प्रश्न आहे. राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. नंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. ती बऱ्याचदा काही मिनिटांत आटोपते. आपली नावं लांब आणि सारखी-सारखी असल्यामुळे कधी 'डिले' येतो, त्याने घाबरून जाऊ नका.

हे सगळं टेक्सासचं झालं. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून वाचणाऱ्यांनी यातलं काही गृहीत धरू नये. ही बंदूक तिच्या नेहमीच्या रूपात कॅलिफोर्नियात चालत नाही. न्यू जर्सीत मॅगझिन दहा गोळ्यांपुरतंच, बंदुकीचं रूप वेगळं आणि खरेदीआधी पोलिसांकडचं ओळखपत्र लागतं. इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांचे नियम २०२३पासून कडक झाले आहेत. उद्या नोकरी बदलून तिकडे जायचं ठरलं, तर बंदुकीचं काय करायचं हे सामान बांधायच्या आधी ठरवावं लागेल.

आता बंदुकीकडे वळू. केल-टेक ही फ्लोरिडातली कंपनी, स्वीडनहून आलेल्या जॉर्ज केलग्रेन यांनी १९९१ साली काढलेली. स्वस्त, हलकं आणि जरा विचित्र ही तिची ओळख. सब-२००० सुमारे चार पौंडांची, म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर. नळी सोळा इंचांहून किंचित जास्त. ती तशी असण्याला कारण आहे: रायफलची नळी सोळा इंचांच्या आत गेली की ती १९३४च्या वेगळ्या कायद्याखाली येते आणि सरकारदरबारी नोंदवावी लागते. म्हणून कुणी 'थोडी कापून घे, अजून छोटी होईल' म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

पिस्तुलाने विखुरलेल्या गोळ्या हिने एकत्र का आल्या? तुमचा हात एका दिवसात सुधारला नाही. पिस्तूल फक्त दोन तळव्यांत असतं. कार्बाइन खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकते. शिवाय मागची साइट आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणा, यांच्यातलं अंतर दुपटीहून जास्त, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही डोळ्याला दिसते. काडतूस तेच ९ एमएम, पण लांब नळीत दारूला ढकलायला जास्त वाव मिळतो. पिस्तुलातून सेकंदाला साडेअकराशे फुटांच्या आसपास जाणारी ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी इथे तेराशेच्या घरात जाते.

मग स्वस्ताईची किंमत कुठे मोजावी लागते? पहिली गालावर. या बंदुकीचा दस्ता म्हणजे एक उघडी नळी आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून दाबून धरणारा धातूचा ठोकळा, त्या नळीतच मागेपुढे पळतो. बोल्टला कुठलंही कुलूप नाही. त्याचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावरच तो काडतुसाचा दाब पेलतो. त्यामुळे चार पौंडांच्या मानाने झटका टोकदार लागतो आणि खांद्यापेक्षा गालाच्या हाडाला जास्त जाणवतो. शंभर गोळ्यांनंतर गाल लाल होतो, दोनशेनंतर माणूस नकळत डोकं उचलायला लागतो, की गोळ्या वर जाऊ लागतात. उपाय दहा डॉलरच्या आतला: सायकलच्या हँडलला घालतात तसली फोमची नळी त्या दस्त्यावर चढवा. फक्त खालच्या बाजूला बोल्ट ओढायच्या हँडलची खाच असते, ती झाकली जाणार नाही असा फोम लांबीत चिरून घ्या.

दुसरी कानांवर. साइट बुटकी असल्याने गाल चांगलाच खाली दाबावा लागतो, आणि मग जाड इअरमफ दस्त्याला आपटून कानावरून उचलला जातो. नेमक्या त्याच क्षणी गोळी सुटते. आत फोमचे प्लग आणि वर पातळ कडेचे मफ, असं दोन्ही घाला. छताखालच्या बंद रेंजवर तर हे सोडूच नका. चष्मा बाजूंनीही झाकणारा हवा. शर्ट बंद गळ्याचा घाला. उडालेलं गरम पितळ, म्हणजे रिकामं काडतूस, गळ्यातून आत गेलं की माणूस भरलेली बंदूक हातात घेऊन नाचतो.

तिसरी चापावर. चाप जड आणि जरा करकरीत आहे. बाजारात बदली स्प्रिंगा भरपूर मिळतात, पण पहिल्या पाचशे गोळ्या तरी मूळ भागांवरच मारा. भाग बदलल्यावर बिघाड झाला तर दोष बंदुकीचा, काडतुसाचा की नव्या स्प्रिंगचा, हे नवख्याला कळत नाही.

मॅगझिनबद्दल विचारलंत ते बरं झालं, कारण वापरलेल्या मालात इथेच फसगत होते. ही बंदूक वेगवेगळ्या मॅगझिनांसाठी वेगवेगळ्या मुठीची येते: ग्लॉक १७, ग्लॉक १९, बेरेटा ९२, स्मिथ अँड वेसन ५९ आणि इतर. काही ०.४० कॅलिबरचीही आहेत. तुम्हाला ग्लॉक १९च्या मुठीचीच हवी. तिच्यात १९चं पंधरा गोळ्यांचं, १७चं सतरा गोळ्यांचं आणि तेहेतीस गोळ्यांचं लांबडं, तिन्ही बसतात. १७च्या मुठीत १९चं मॅगझिन आखूड पडतं, वरपर्यंत पोहोचतच नाही. विकणारा 'ग्लॉकवाली आहे' एवढंच सांगेल. मूठ कुठली ते विचारा आणि आपल्या हाताने मॅगझिन लावून पाहा.

साडेतीनशेचा भाव वाईट नाही, पण नवी चारशे-पाचशेला मिळत असताना फरक फार मोठाही नाही. जुनीच घ्यायची तर अनुक्रमांक आधी मागा. २०१७ साली बनलेल्या काही बंदुकांच्या नळीच्या पोलादावरची उष्णता-प्रक्रिया नीट झाली नव्हती, म्हणून कंपनीने त्या परत मागवल्या होत्या. क्रमांक कंपनीला कळवला की तुमची त्यात आहे का ते सांगतात. मग बंदूक उघडून बिजागरीशी नळी हलवून पाहा. बंद झाल्यावर तिथे डुलणं नको. माशी सरळ आहे का, दोन प्लास्टिकच्या फाका जोडणारे स्क्रू कुणी खाऊन ठेवलेत का, हे बघा. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांत थेट व्यवहार चालतो, तरीही तो दुकानातून करा. वीस-चाळीस डॉलर जातील, पण तपासणी होईल आणि कागद तुमच्या हातात राहील.

आता घडी. तुम्हाला हिची भुरळ त्यामुळेच पडली आहे आणि चुकाही तिथेच होतात.

चापाभोवतीची कडी हीच हिची कडी-कोयंडा आहे. ती खाली ओढली की नळी सुटते, वरून गोल फिरून मागे येते आणि माशीपाशी दस्त्यात अडकते. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. घडी घालताना तुमची बोटं चापापासून अर्ध्या इंचावर असतात. आणि घडी झाली की नळीचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे रेंजवर मागे उभ्या असलेल्या लोकांकडे होतं. यंत्र म्हणून बघितलं तर त्या अवस्थेत गोळी सुटू शकत नाही, कारण नळीच्या मागे बोल्टच नसतो. पण शेजारच्या लेनवाल्याला हे ठाऊक नसतं आणि रेंज ऑफिसरला ते ऐकून घ्यायचं नसतं. म्हणून आधीच सांगा, 'ही घडीची आहे, इथे टेबलावर उघडतो', आणि ते काम फक्त स्वतःच्या लेनमध्ये, रेंज चालू असताना करा. लोक कागद लावायला पुढे गेलेले असताना बंदुकीला हातही लावायचा नाही.

घडी घालण्याआधीचा क्रम कधीही बदलू नका. मॅगझिन काढा. हँडल पूर्ण मागे ओढून वरच्या खाचेत अडकवा. आत बघा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना. हँडल खाचेतून सोडून बोल्ट पुढे जाऊ द्या. सेफ्टी लावा. मगच चापाची कडी ओढा. मॅगझिन आधी आणि हँडल नंतर, हा क्रम उलटला तर हँडल सोडताच मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते आणि तुमची खात्री मात्र 'रिकामी केली' अशी असते. घडी पडल्यावर नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. त्यातून आरपार उजेड दिसला की काम झालं. इतकी सरळ तपासणी फार थोड्या बंदुकांत मिळते, तिचा फायदा घ्या. उघडताना कडी 'टक' वाजून बसली का ते ऐका आणि नळी एकदा वर ओढून पाहा.

सांध्याच्या सपाट तोंडावर काजळी किंवा सॅकमधला धागा अडकला तर नळी केसभर वर बसते आणि मागच्या आठवड्यात जमवलेला नेम हलतो. दर वेळी उघडताना तिथून फडकं फिरवा.

पहिल्या दिवशी साध्या, कारखान्यात भरलेल्या, पितळी ११५ ग्रेनच्या गोळ्यांचे तीन-चार खोके न्या. एका खोक्यात पन्नास. दर साधारण पंचवीस-तीस सेंटला एक. लोखंडी वेष्टनाच्या गोळ्या बऱ्याच बंद रेंजवर चालत नाहीत. तिथे चुंबक लावून बघतात. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. मग दोन. मग पाच. दोनच्या वेळी एकदा चाप दाबल्यावर दोन्ही सुटल्या तर बंदूक रिकामी करून थेट बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तीस गोळ्यांच्या मॅगझिनवर हे कळण्यापेक्षा दोनवर कळलेलं बरं.

अडकण्याची कारणं चार-दोनच असतात. नव्वद टक्के वेळा, आणि हा आकडा बोलण्याच्या ओघातला समजा, दोष हँडल हळू सोडण्याचा असतो. ते गालाखाली असल्याने माणूस त्याला सांभाळून पुढे नेतो. बोल्टला लागणारा जोर निघून जातो, काडतूस अर्धवट शिरतं आणि चाप दाबला की नुसता 'टक'. हँडल टोकापर्यंत ओढा आणि एकदम सोडून द्या. दुसरं, काठोकाठ भरलेलं मॅगझिन बंद बोल्टखाली नीट बसत नाही. वरचं काडतूस बोल्टला खालून टेकलेलं असतं आणि स्प्रिंगला दबायला जागा नसते. एक गोळी कमी भरा किंवा बोल्ट मागे अडकवून मग लावा, आणि लावल्यावर खाली ओढून बघा. तिसरं, चेंबरमधली काजळी. बोल्टला कुलूप नसल्याने उलटा धूर आणि राख थेट आत येते. पाचशे गोळ्यांनंतर काडतूस शेवटच्या मिलिमीटरला अडखळू लागतं. चौथं, हलक्या कंपनीची मॅगझिनं आणि ड्रम, म्हणजे गोल डब्यासारखी मोठी मॅगझिनं. सुरुवातीला ग्लॉकच्या मूळच्याच वापरा.

दुसऱ्या पिढीपर्यंतच्या या बंदुकांत शेवटच्या गोळीनंतर बोल्ट आपोआप मागे थांबत नाही. भाड्याच्या ग्लॉकमध्ये तो थांबत होता, म्हणून ही सवय मुद्दाम मोडावी लागेल. 'टक' म्हणजे रिकामी, असं नाही. ती उशिरा पेटणारी गोळीही असू शकते. नळी समोरच धरा, तीस सेकंद थांबा, मग मॅगझिन काढून हँडल ओढा. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला, झटका लागलाच नाही, तर पुढची गोळी मुळीच मारू नका. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करा, घडी घाला, नळीतून उजेड दिसतो का बघा. पुढची गोळी मागून आदळली तर नळी फाटते.

नेम जमवायला पंचवीस यार्ड. टेबलावर वाळूची पिशवी, पाच गोळ्या, एकाच बिंदूवर. एका गोळीवरून काही ठरवू नका, पाचांचा मध्य काढा. या बंदुकीत मागची साइट हलत नाही, जुळवणी सगळी पुढच्या माशीवर. तिचा नियम उलटा वाटतो: माशी चुकीच्या दिशेनेच सरकवायची. गोळ्या खाली लागतात, माशी खाली. डावीकडे लागतात, माशी डावीकडे. केसाएवढंच सरकवा, स्क्रू आवळा, पुन्हा पाच. जुन्या मॉडेलांत माशी ढिली पडण्याची तक्रार खूप आहे. नेम जमला की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या, प्लास्टिकला लागू देऊ नका, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. मग स्क्रूवरून माशीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे लांबूनच कळतं.

पंचवीसवर जमवलेला नेम पन्नासलाही जवळजवळ तिथेच लागतो, इंचाच्या आतबाहेर. शंभर यार्डांवर मात्र गोळी पाच-सहा इंच खाली उतरते. पन्नासवर साध्या साइटने तीन-चार इंचांत पाच गोळ्या आल्या तर बंदूक आणि तुम्ही, दोघंही ठीक आहात. लोखंडी तबकड्यांवर मारायचं तर पंचवीस यार्डांच्या आत नको. कार्बाइनचा वेग जास्त असल्याने तुकडे परत येतात.

लाल ठिपक्याची साइट लावायचा मोह होईल. दुसऱ्या पिढीच्या मॉडेलवर ती वरच्या पट्टीवर बसवली की घडी बसत नाही, नळी तिच्यावरच येऊन आपटते. मग काढता-घालता येणारा किंवा बाजूला फिरणारा माउंट घ्यावा लागतो, म्हणजे बंदुकीच्या पाव किमतीचा खर्च. तिसऱ्या पिढीत नळीचा पुढचा भाग फिरवून ही अडचण काढली आहे. ठिपका हवाच असेल तर जुनी साडेतीनशेची घेऊन वर माउंट लावण्यापेक्षा सरळ ती घ्या. दुसऱ्या कंपन्यांच्या अशा कार्बाइनही आहेत. स्मिथ अँड वेसनची एफपीसी आडवी दुमडते, साइट जागेवर राहते, वजन पाच पौंडांच्या आसपास, किंमत जास्त. रुगरची पीसी कार्बाइन दुमडत नाही, दोन तुकडे होतात. जवळपास सात पौंडांची असल्याने झटका कितीतरी सौम्य. तुमच्या पत्नी आणि मुलगी पुढे शिकणार असतील तर मी रुगरला झुकतं माप देईन.

साफसफाई सोपी आहे. बंदूक रिकामी करून उघडी ठेवा, दस्त्याच्या टोकाची पिन पंचने ढकला, पण अंगठा मागच्या बफरवर दाबून ठेवा, कारण त्याच्यामागे ताणलेली स्प्रिंग आहे आणि ती डोळ्यावर येते. चष्मा घरातही घाला. स्प्रिंग निघाली की हँडल मागे आणून बाहेर काढायचं, बोल्ट नळीतून घसरत येतो. नळी साफ करायला पुन्हा घडीचाच फायदा: मागचं तोंड उघडं असल्याने सळई चेंबरकडून घालता येते आणि नळीचं पुढचं टोक घासलं जात नाही. तेल बोटाला लागेल इतकंच. जास्त झालं तर काजळीशी मिसळून दस्त्यात चिखल होतो आणि उरलेलं पहिल्या दहा गोळ्यांत गालावर येतं. फाकांचे स्क्रू आवळताना जोर करू नका, प्लास्टिकमधली पकड सुटली की सुटली.

रेंजवरून आल्यावर हात-तोंड गार पाणी आणि साबणाने धुवा आणि मुलीला जवळ घेण्याआधी कपडे बदला. काडतुसांच्या धुरात शिसं असतं, बंद रेंजवर जास्तच. बूट दाराबाहेर. आपल्या घरी आपण तसेही ते बाहेरच काढतो.

मुलीचा विषय. दुमडलेली सब-२००० सव्वासोळा इंच लांब, सात इंच रुंद. ती कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे, सुटकेसमध्ये, कुठेही मावते आणि म्हणूनच लोक ती कुठेही ठेवतात. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाला घरातली दिवाळीची भेट आठ दिवस आधी सापडलेली असते. टेक्सासचा कायदाही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर पालकाला धरतो. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली पेटी घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि पेटीचा आकडा मुलीचा वाढदिवस नको. घरात कुणी नैराश्यातून किंवा मोठ्या ताणातून जात असेल, पाहुणा का असेना, त्या काळात बंदूक घराबाहेर ठेवा. काही दुकानं आणि रेंज ती ठेवून घेतात.

घराच्या रक्षणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन पांढरे बोर्ड आणि मध्ये पोकळी. ९ एमएमची गोळी अशा एकाहून जास्त भिंती सहज पार करते. मुलीची खोली कुठल्या बाजूला आहे, हे आधी कागदावर काढून पाहा.

गाडीतून नेताना बंदूक रिकामी, कुलपाच्या पेटीत, डिकीत. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदुकीला मनाई करणारा संघीय कायदा लागतो आणि प्लेनोत शाळा न लागता रेंजला जाणं अवघडच. रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असेल तर त्यातून सूट आहे. लॅपटॉपच्या सॅकची चेन म्हणजे कुलूप नाही.

आणि त्याच सॅकबद्दल आणखी एक. रेंजची सॅक वेगळी ठेवा, शक्यतो भडक रंगाची, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. ९ एमएम हे भारतात प्रतिबंधित बोअरचं, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापाचं, काडतूस आहे. बाजूच्या खणात एखादं विसरलेलं काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. 'मला माहीतच नव्हतं' हे पुढे कोर्टात पटलंही, तरी सुट्टी पोलीस ठाणं आणि वकिलाकडे जाते. सुट्टीला निघण्याच्या आठवडाभर आधी घरातली प्रत्येक बॅग उलटी करून झटका, खण बोटांनी चाचपा. मेहुण्याची बॅगही.